पाचवीचा कागद

देवळाली प्रवरा
३ डिसेंबर २०२४

लीनाकाकू,

तुमच्या वरच्या खोलीत राहून डिप्लोमा केलेली, भाडं कायम उशिरा देणारी आणि तुमचं लिंबाचं लोणचं चोरून खाणारी राजनंदिनी आठवतेय ना? तिला मुलगी झाली. ६ नोव्हेंबरला, सकाळी सव्वाआठला. रंग कुणाचा, नाक कुणाचं यावरून दोन्ही घरांत भांडणं चालू आहेत. मला विचाराल तर सध्या ती फक्त भुकेची आहे.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला फोनकडे बघवत नाही, म्हणून हे पत्र. आमचा फोन शेवयांच्या डब्यात आहे. खरंच सांगते. तो वाजला की पोरीला दूध कमी पडतं. आई म्हणते असं काही नसतं. पण मला कळतं ना माझं.

काकू, नागापूरच्या कंपनीत क्वालिटीला लागून मला सहा वर्षं झाली. धवल सर मॅनेजर होऊन आले दोन वर्षांपूर्वी. तसे ते गोड बोलायचे. मी दिवस गेल्याचं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलामागची खुर्ची गेली. म्हणाले, ऑडिट आहे, खुर्च्या कमी पडतात. ऑडिट झालं, खुर्ची काही आली नाही. आठ तास उभं राहून पार्ट तपासायचे. बाथरूमला गेले की दाराशी वहीत वेळ लिहायची, ती फक्त मी. एकदा मीटिंगमध्ये म्हणाले, "राजनंदिनी मॅडमचं प्रॉडक्शन नोव्हेंबरात येणार आहे, बाकीच्यांनी आज दाखवा." सगळे हसले. मीपण हसले. त्यांचं बोलणं विसरेन, पण मी का हसले ते काही विसरता येत नाही.

२१ ऑक्टोबरपासून मी रजेवर आहे. सव्वीस आठवडे पगारी रजा मिळते, असं कायद्यात आहे म्हणतात. पण नोव्हेंबरचा पगार आलेला नाही. मेसेज मात्र रोज येतात. चार्ज नीट दिला नाही, अमुक लॉट तुमच्यामुळे परत आला, असल्या रजा घेणाऱ्यांनी घरीच बसावं. बोल्हेगावच्या फ्लॅटचा हप्ता माझ्या पगारातून जातो. पार्थ पंपाच्या दुकानात आहे, त्याचा पगार घर चालवण्यातच संपतो. तो काही बोलत नाही बिचारा. फक्त चहात साखर कमी घालायला लागलाय.

म्हणून वाटतं, दोन महिने झाले की जानेवारीतच कामावर जावं. त्यांचं तोंड बंद होईल. तुम्हाला काय वाटतं?

आणखी एक. आई माझ्याशी धड बोलत नाही. पोरीला न्हाऊमाखू घालते, शेक देते, सगळं करते, पण तोंड पाडून. तिला नातू हवा होता बहुतेक. बारसंसुद्धा पुढं ढकलतेय. घरात अशी ती आणि डब्यात तो फोन. कुठं जावं सांगा.

तुमची,
राजनंदिनी


श्रीरामपूर
७ डिसेंबर २०२४

राजनंदिनी बाळंतीणबाई,

बाळंतिणीनं लिहू-वाचू नये, डोळे जातात, असं आमच्याकडे म्हणायचे. तू चार पानं लिहिलीस, आता बघ हो, म्हातारपणी चष्मा लागेल! पोरीला माझे खूप आशीर्वाद. आणि लोणच्याचं मला तेव्हाच माहीत होतं. बरणीतली पातळी मी पेन्सिलीनं खुणावून ठेवायचे.

आता ऐक. जानेवारीत कामावर जायचं नाव काढू नकोस. तू लवकर गेलीस तर त्याचं तोंड बंद होणार नाही, त्याला कळेल की ही घाबरते. मी बावीस वर्षं शाळेच्या ऑफिसात कारकुनी केली. असल्या माणसांना बोट दिलं की हात मागतात, हे मी रोज साहेबाच्या टेबलासमोर बसून पाहिलंय.

फोन डब्यातून काढ. मेसेज वाचायचे नाहीत, पण पुसायचेही नाहीत. पार्थला सांग, रविवारी आला की एका वहीत उतरवून काढायचे. तारीख, वेळ, शब्द. शब्दाला शब्द. तुझ्या जिवाला त्रास नको आणि पुरावाही राहील.

एक सांग. रजेचा अर्ज दिलास त्याची पोच आहे का? आणि रजेवर गेल्यापासून तू कशावर सही केलीस का? नीट आठवून लिही.

तुझ्या आईबद्दल म्हणशील तर, मालनबाईंना मी ओळखते. तुला भेटायला यायच्या तेव्हा माझ्यासाठी अर्धी पाटी वांगी आणि मेथी घेऊन यायच्या, आणि ओट्याशी उभ्या राहून तुझंच कौतुक सांगायच्या, पोरगी मशीन शिकते म्हणून. ती बाई नातू नातू करणाऱ्यांतली नाही. तुला काय वाटतं ते मनात घोळवू नकोस, सरळ विचार.

हळिवाचे लाडू खातेस ना? तोंड वाकडं न करता खा.

लीनाकाकू


देवळाली प्रवरा
१५ डिसेंबर २०२४

काकू,

पत्र वाचून बरं वाटलं. फोन डब्यातून काढला. त्यात चार-पाच शेवया अडकल्या होत्या, पार्थनं टाचणीनं काढल्या आणि दोघं हसलो. किती दिवसांनी हसलो म्हणून सांगू! मग त्यानं वही केली. एकूण त्रेपन्न मेसेज निघाले. उतरवताना त्याचं अक्षर बिघडत गेलं. शेवटी उठून अंगणात गेला आणि बराच वेळ मोटरसायकल पुसत बसला.

रजेच्या अर्जाची पोच आहे, शिक्क्यासकट. ती फ्लॅटच्या कागदांत ठेवलीय.

हप्त्याचं असं आहे की, या महिन्याचा पार्थनं शेठकडून उचल घेऊन भरला. पुढच्याचं माहीत नाही. पार्थ म्हणाला, तुझ्या डोरल्याला हात लावायचा नाही, आधी मोटरसायकल जाईल. मी म्हटलं, मग दुकानात काय पंपावर बसून जाशील?

आईला विचारायचं धाडस झालं नाही. परवा पार्थच्या आईचा निरोप आला की, बारसं कधी? आई म्हणाली, "बघू की, घाई काय हाय." सव्वा महिना उलटला काकू. पोरीला अजून छकुली म्हणतोय.

ती आता हसते. झोपेत. पोटातल्या वायूनं बाळं तशी हसतात म्हणे. पण मी तिच्याकडे बघून हसतेच.

राजनंदिनी


श्रीरामपूर
१८ डिसेंबर २०२४

राजनंदिनी,

मी दोन प्रश्न विचारले होते. एकाचं उत्तर आलं. दुसऱ्यावर तू मोटरसायकल आणि शेवया टाकल्यास.

मी सत्तरीला टेकलेय, बहिरी आहे, पण खुळी नाही. तू सही केलीस का? रागावणार नाही. लिही.

लीनाकाकू


देवळाली प्रवरा
२३ डिसेंबर २०२४

काकू,

केली.

परवा कंपनीचं पाकीट आलं, रजिस्टर पोस्टानं. 'आपला दि. १४ ऑक्टोबरचा राजीनामा मंजूर करण्यात येत आहे.' सोबत माझ्या राजीनाम्याची झेरॉक्स. 'घरगुती कारणास्तव स्वखुशीने.' खाली सही माझीच, काकू. र ला शेपूट काढते ना मी, तशी.

झालं असं. पोरीचा पाचवा दिवस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ११ नोव्हेंबरला, धवल सरांचा फोन आला. म्हणाले, तुमचा रजेचा अर्ज फॉरमॅटमध्ये नाही, हेड ऑफिस पगार अडवतंय, एका कोऱ्या कागदावर खाली सही करून द्या, इथं टाईप करून घेतो, तुम्हाला कशाला त्रास. इतकं गोड बोलले की मला वाटलं, पोरगी झाली म्हणून माणूस निवळला. तासाभरात कंपनीचे भिमाजीमामा आले. पन्नाशी उलटलेले ड्रायव्हर आहेत, तिथं सगळे त्यांना मामाच म्हणतात. मी अंधाऱ्या खोलीत पडून होते, टाके दुखत होते. आईनं कागद आणून दिला, मी पडल्या पडल्या सही केली.

ऑक्टोबरची तारीख घातली, म्हणजे बाळंतपणाच्या आधीच मी नोकरी सोडली. मग पगारी रजा कसली न् काय कसली.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पार्थलाही नाही. पार्ट तपासताना एक मिलिमीटरचा फरक मी नजरेनं ओळखते, आणि कोऱ्या कागदावर सही केली. लाज वाटते हो. नोकरी गेली तर फ्लॅट जाणार, आणि फ्लॅट गेला तर पार्थ काही म्हणणार नाही, तेच मला सोसवणार नाही.

झेरॉक्सची झेरॉक्स पाठवतेय. यातून काही होईल का?

राजनंदिनी


श्रीरामपूर
२६ डिसेंबर २०२४

राजनंदिनी,

आधी पाणी पी. मग पार्थला सांग. आजच. नवऱ्यापासून लपवायच्या गोष्टी वेगळ्या असतात, साडीची किंमत वगैरे. ही त्यातली नाही.

कागद मी भिंग लावून पाहिला. मजकूर सहा ओळींचा, आणि सहीपर्यंत पोचावा म्हणून ओळींत ही एवढी जागा सोडलीय. राजीनामा देणारा माणूस कागदाच्या तळाला जाऊन सही करत नाही, मजकूर संपला की करतो. सही आधी, मजकूर नंतर. मला हे कागद ओळखता येतात. कसे ते कधीतरी सांगेन, आज नाही.

पण एवढ्यावर सरकारी माणूस मानेल असं नाही. दुसरं सांग. वर उजव्या कोपऱ्यात काळे डाग दिसतात, शेजारी शेजारी, पाच. झेरॉक्सच्या काचेवरची घाण म्हणावी तर ती इतकी रांगेत नसते. तो कागद आला कुठून? कंपनीनं पाठवलेला होता की घरातला? मालनबाईंनी आणून दिला म्हणतेस, मग त्यांनाच विचार. आता तरी विचार.

लीनाकाकू


देवळाली प्रवरा
३१ डिसेंबर २०२४

काकू,

विचारलं. आणि काय सांगू तुम्हाला!

आई चुलीपाशी पोरीच्या अंघोळीचं पाणी तापवत होती. मी झेरॉक्स पुढं धरली आणि म्हटलं, हा कागद कुठला गं? तिनं बघितलं आणि खालीच बसली. पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी घाबरले. अण्णा, माझे वडील, गोठ्यातून पळत आले.

"त्यो सटवाईचा कागद हाय गं," म्हणाली.

तुमच्याकडे करतात का माहीत नाही. आमच्यात पाचवीला पाटा-वरवंटा पुजतात आणि त्याच्यापाशी कोरा कागद न् पेन ठेवतात. रात्री सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते. आईनं कागदाच्या कोपऱ्यावर हळदकुंकवाची पाच बोटं ओढली होती. सकाळी भिमाजीमामा दारात येऊन उभे, टेम्पो चालू, लवकर द्या म्हणून घाई. आमच्या घरात शाळेत जाणारं पोर नाही, कोरा कागद येणार कुठून? पाट्यापाशी तेवढा एकच होता. लेकीचा पगार अडलाय म्हटल्यावर आईनं तो उचलून दिला.

"रातीच लिहून गेल्ती सटवाई त्याच्यावर. आन् म्या सकाळी उचलून फॅक्टरीला दिला. माझ्या नातीचं नशीब म्या माझ्या हातानं दुसऱ्याच्या हवाली केलं. मंग तुझा पगार न्हाई आला, तुला फोन यायला लागले, तवाच म्हनलं, झालं, उलटलं. आता बारसं घालून नाव तरी कुन्या तोंडानं ठिवू?"

काकू, दीड महिना ही बाई हे पोटात घेऊन पोरीला न्हाऊ घालत होती. आणि मी समजत होते तिला नात नको आहे! मी तिच्या गळ्यात पडून रडले. अण्णा म्हणाले, "दोघी येड्या हाय," आणि पोरीला घेऊन बाहेर गेले.

पार्थलाही सांगितलं. तो म्हणाला, "तू एकटीनं कशाला वागवलंस हे?" एवढंच म्हणाला.

म्हणजे १४ ऑक्टोबरच्या कागदावर १० नोव्हेंबरची हळद आहे. याचं काय करायचं?

राजनंदिनी


श्रीरामपूर
४ जानेवारी २०२५

राजनंदिनी,

नगरला सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे तक्रार अर्ज द्यायचा. मी मसुदा केलाय, सोबत आहे. त्यात रडगाणं नाही, फक्त तारखा आहेत. रजेच्या अर्जाची पोच, बाळाच्या जन्माचा दाखला, मेसेजची वही आणि फोन, सगळं जोड. आणि मागणी ही कर की राजीनाम्याचा मूळ कागद कंपनीनं हजर करावा. झेरॉक्स चालणार नाही, मूळच हवा. झेरॉक्समध्ये हळद काळी दिसते. मालनबाईंना घेऊन जा. त्यांना बोलू दे, मध्ये सुधारू नकोस.

आता माझं सांगते. सांगितलं नाही तर मला या मसुद्याखाली आशीर्वाद लिहिता येणार नाही.

१९९१ साली आमच्या शाळेत देवश्री नावाची शिक्षिका होती. मराठी शिकवायची, मुलं तिच्या तासाला खिडकीबाहेर बघायची नाहीत. ती बाळंतपणाच्या रजेवर गेली. संस्थेतल्या कुणाच्या तरी मेहुणीला ती जागा हवी होती. हेडमास्तरांनी माझ्या टाईपरायटरवर एक कोरा कागद ठेवला. खाली देवश्रीची सही. म्हणाले, "लीनाबाई, मजकूर वर नीट बसवा." मी बसवला. ओळींत जागा सोडून, मार्जिन सांभाळून, सहीच्या वर बरोबर बसवला. त्यांनी शाबासकी दिली. मी घरी जाऊन जेवले.

मला कुणी मारून मुटकून करायला लावलं नव्हतं. नवी नोकरी होती, भीती होती, खरं. पण मी नाही म्हणूनसुद्धा पाहिलं नाही.

तुझा कागद मी पाहताक्षणी का ओळखला, ते आता तुला कळलं. तुला माझा मसुदा वापरायचा नसेल तर वापरू नकोस, दुसऱ्याकडून लिहून घे. पण अर्ज दे.

लीनाकाकू


देवळाली प्रवरा
६ फेब्रुवारी २०२५

काकू,

महिना झाला, लिहिलं नाही. तुमचं पत्र वाचलं आणि राग आला. खूप आला. वाटलं, माझाही कागद कुणीतरी असाच बसून टाईप केला असेल, मार्जिन सांभाळून. आणि मग घरी जाऊन जेवलं असेल. तुमच्यावरचा राग की त्या न पाहिलेल्या माणसावरचा, मला वेगळं करता येईना. पण मसुदा तुमचाच दिला. त्यात एक शब्दही बदलावासा वाटला नाही, याचाही राग आला.

काल तारीख होती. सगळं लिहिते.

पार्थनं रजा घेतली. आई, मी, पोरगी आणि तो, एसटीनं गेलो. कंपनीकडून धवल सर, एक वकील, आणि गाडी घेऊन आलेले भिमाजीमामा. अधिकारी बाई होत्या, मोजकं बोलणाऱ्या. मूळ कागद टेबलावर आला. काकू, पिवळी आणि लाल पाच बोटं, जशीच्या तशी! कारखान्यात तेला-ग्रीसचे डाग रोजचे, त्यांना हाही तसलाच वाटला असेल.

बाईंनी विचारलं, हे काय? आई उभी राहिली. हात जोडले आणि सगळं सांगितलं, पाट्यापासून टेम्पोपर्यंत. आवाज एवढा मोठा की बाहेरची माणसं दारात आली. धवल सर हसले. वकील म्हणाला, "मॅडम, यंदा दसरा बारा ऑक्टोबरला होता. कंपनीत मशिनींची पूजा होते. तिथलं हळदकुंकू लागलं असेल. उलट यानं तर आमची तारीखच सिद्ध होते."

आम्ही कुणीच हा विचार केला नव्हता. तुम्हीसुद्धा नाही. आई माझ्याकडे बघायला लागली आणि मला तिच्याकडे बघवेना.

मग वकिलानं हळूच दुसरं काढलं. राजीनामा मान्य करा, कंपनी माणुसकी म्हणून सहा महिन्यांचा पगार एकरकमी देईल, आजच्या आज लिहून देतो. सहा महिने, काकू. हप्त्यांची चिंता मिटली असती. मी पार्थकडे पाहिलं. तो म्हणाला, "तुला काय पाहिजे ते सांग. माझ्याकडे बघून सांगू नकोस." मी म्हटलं, "मला नोकरी पाहिजे. मी सोडलेली नाही."

तेवढ्यात मागून भिमाजीमामा म्हणाले, "मॅडम, बोलू का?" धवल सर म्हणाले, तुम्ही गाडीत बसा. बाई म्हणाल्या, बोला.

"त्यो कागद मीच आनलाय. पोरगी जन्मल्यावर. सायेबांनीच धाडलं हुतं. ह्या मावशीनं मला उभ्या उभ्या चहा पाजला, पाचवीचा परसाद हातावर दिला. म्या खाल्ला. ज्या घरचं खाल्लं त्या घरावर खोटं कसं पडू द्यू? दोन वर्सं ऱ्हायलीत माझी रिटायरला. काय करायचं ते करा." आणि खिशातून गाडीची वही काढून ११ नोव्हेंबरचं पान दाखवलं. नागापूर ते देवळाली प्रवरा आणि परत. खाली धवल सरांची सही.

त्यानंतर कुणी दसऱ्याचं नाव काढलं नाही.

राजीनामा रद्द झाला. थकलेला पगार पंधरा दिवसांत, रजा २० एप्रिलपर्यंत पूर्ण. कंपनीनं लिहून दिलं. धवल सरांना काही झालेलं नाही, ते तिथंच आहेत, आणि माझे साहेबही तेच राहणार. ते ऐकून मला आनंद झाला की भीती वाटली, सांगता येत नाही.

निघताना आईनं अधिकारी बाईंकडे कागद मागितला. त्या म्हणाल्या, "मावशी, हा आता फायलीत राहील." आईचा चेहराच उतरला. "म्हंजी माझ्या नातीचं नशीब सरकारी कपाटात?" बाईंनाही हसू आवरेना. जिन्यात भिमाजीमामा म्हणाले, "मावशे, कागद आपल्या समाधानाला. सटवाई लिहिती कपाळावर. ते कुनाला टाईप करता येत न्हाई." आई थांबली, पोरीच्या कपाळावरचं टोपडं मागं सारून बघितलं आणि म्हणाली, "व्हय की."

रविवारी बारसं आहे. नाव रुचा ठेवायचं. तुम्ही या. रागासकट बोलावतेय. पण त्याआधी तुमचं एक काम राहिलंय असं मला वाटतं. देवश्रीबाई कुठं असतात?

राजनंदिनी


श्रीरामपूर
१३ फेब्रुवारी २०२५

राजनंदिनी,

बारशाला आले नाही, कारण त्या दिवशी देवश्रीकडे गेले. ती इथंच राहते. चौतीस वर्षं मी तो रस्ता टाळून भाजीला लांबून जायचे.

तिनं दार उघडलं, ओळखलं, आत घेतलं, पोहे केले. मी जे पाठ करून गेले होते ते म्हणून टाकलं. ती काय बोलतेय ते ऐकू येईना, म्हणून तिनं वहीवर लिहून दिलं. 'लीनाबाई, मला तेव्हाच कळलं होतं. ऑफिसच्या त्या मशिनचा क तुटका होता आणि त्या मशिनवर फक्त तुम्ही बसायचात. मी वाट पाहिली दोन-तीन वर्षं, तुम्ही याल म्हणून. मग सोडून दिलं.'

पुढे तिनं आयुष्यभर शिकवण्या घेतल्या. माफ केलं का, असं मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. पोहे मात्र सगळे खायला लावले. घरी आले आणि ताप भरला. आता बरी आहे.

तुझ्या रागाबद्दल म्हणशील तर तो असू दे. उपयोगी आहे. रुचासाठी दुपटं शिवलंय, एसटीच्या पार्सलनं पाठवते.

लीनाकाकू


बोल्हेगाव, नगर
२१ एप्रिल २०२५

काकू,

आज हजर झाले.

आई इथं राहायला आलीय, रुचा तिच्याकडे. दुधाची वाटी-चमचा सगळं समजावून दिलं, तर म्हणाली, "तुला काय चमच्यानं वाढवलं का कुनी? जा कामाला." गेटवर भिमाजीमामा होते. गाडी काढून घेऊन त्यांना आता गेटवर बसवलंय. म्हणाले, "बरंच झालं, कंबर दुखत हुती." मी पाया पडले तर इकडंतिकडं बघून ओरडले, अगं कामावर आलीस का देवळात?

ऑफिसात धवल सरांनी मान वर न करता हजर झाल्याचा फॉर्म पुढं सरकवला. वर छापील चार ओळी, मध्ये अर्धं पान मोकळं, तळाला सहीची जागा. माझ्या मागं नव्या भरतीच्या तीन मुली त्यांचे फॉर्म घेऊन रांगेत उभ्या.

मी त्या मोकळ्या जागेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत तिरकी रेघ मारली. मग तारीख घातली, वेळ घातली आणि मग सही केली. सर म्हणाले, "हे काय? फॉर्म खराब केलात." मी म्हटलं, "नाही सर. पूर्ण केला."

मागच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, रेघ कशाला मारली?"

धवल सर समोरच बसले होते. या वेळी मी हसले नाही, काकू. वळले आणि तिला सगळं सांगितलं. तिनं माझ्याकडं पेन मागितलं.

तुमची,
राजनंदिनी